बैलांची सुट्टी आणि गाडीची कामं

गावाकडे गेलो की कोणीतरी विचारतंच, "तुला सुट्टी कधी असते रे?" आणि मला नीट उत्तर देताच येत नाही कारण आमच्या लाइनीत सुट्टी अशी नसतेच, गाडी उभी राहिली की ती सुट्टी. आणि गाडी उभी का राहते, तर भाडं नाही म्हणून, दिवसा नो एंट्री म्हणून, हमाल आले नाहीत म्हणून, नाहीतर काहीतरी तुटलं म्हणून. ड्रायव्हर दमला म्हणून उभी राहिलेली गाडी मी तरी अजून बघितली नाही.

तर यंदाच्या पोळ्याला मी रायपूरला होतो, टाटीबंधला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टाटीबंध म्हणजे रायपूरच्या पश्चिमेचा चौक, दुर्ग-भिलाईकडून आलो की पहिल्यांदा तोच लागतो, आणि तिथे ट्रकचं काहीही मिळतं. कमानपाट्यावाले, टायरवाले, बॉडी बांधणारे, वायरमन, ताडपत्री शिवणारे, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, सगळं रांगेत. नागपूरला वाडी आहे, मुंबईला कळंबोली आहे, तसं छत्तीसगडला टाटीबंध. कलकत्त्याच्या लाइनीवर चालणाऱ्या ड्रायव्हरला ते गाव स्वतःच्या तालुक्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आमची लाइन कांद्याची. निफाड, लासलगाव, येवला इकडून भरायचा आणि कलकत्ता. नागपूर, रायपूर, संबलपूर, केओंझर, खडगपूर असं करत सतराशे-अठराशे किलोमीटर. कांदा भरलेला असला की आरामाचा विषयच काढायचा नाही, कारण कांदा हा जिवंत माल आहे, गोणीत बसून तो गरम होतो, घाम सोडतो, आणि पावसाळ्यात तर डोक्याला ताप. ताडपत्री बांधली की आत कोंडतो, नाही बांधली तर भिजतो. मग पाऊस थांबला की गाडी बाजूला घ्यायची, ताडपत्रीच्या बाजू वर खोचायच्या, वारा लागू द्यायचा, पुढे परत आभाळ दिसलं की परत खाली सोडायच्या, हे एकट्याने. आता तुम्ही म्हणाल क्लीनर कुठंय. क्लीनर आता राहिले नाहीत हो, पोरं येत नाहीत आणि मालकाला पण तो पगार वाचलेला बराच वाटतो. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागायचे, कागदावर तरी लागायचे, 2018 मध्ये ती अट पण काढून टाकली. त्यामुळे आता ड्रायव्हर मीच, क्लीनर मीच आणि रात्री डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून वॉचमन पण मीच.

जाताना काही झालं नाही. कलकत्त्याजवळ धूलागढला पोचलो, कांदा खाली झाला, वाराईवरून, म्हणजे हमालीच्या पैशावरून, नेहमीचं भांडण झालं, ते लिहीत नाही. परतीला बारदान मिळालं रायपूरचं. छत्तीसगडला पुढे धानाची सरकारी खरेदी असते ना, त्याला जूटच्या पोत्यांच्या गाठी जास्त करून बंगालमधून येतात. माल हलका, भाडं पण हलकंच, पण रिकामं येण्यापेक्षा बरं.

लफडं सुरू झालं ओडिशात, केओंझरच्या अलीकडे-पलीकडे. युरियाची लाइट लागली.

इथे जरा थांबून सांगतो कारण गाडीवाले नसलेले पण वाचतात. एप्रिल 2020 पासून ज्या गाड्या आल्या त्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमाच्या. त्यात धुरातला विषारी वायू मारायला सायलेन्सरमध्ये एक पाणी फवारलं जातं, त्याला कंपनी डीईएफ म्हणते, आम्ही सगळे युरियाच म्हणतो. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, एवढंच असतं त्यात. पण युरिया म्हणजे शेतात टाकतो तो नाही. शेतीचा युरिया निंबोळीचं तेल लावलेला असतो, त्यात बाकीचा पण कचरा असतो, तो पाण्यात कालवून टाकला की आतली जाळी, पंप, नोझल सगळं हळूहळू चोक. आणि हेच कालवलेलं पाणी बादलीत भरून वर छान स्टिकर लावून हायवेला विकणारे ठिकठिकाणी बसलेत. मालकाने फोनवर सांगितलेलं की पंपावर महाग पडतं, अमुक ठिकाणी टपरीवर घे, आमच्या सगळ्या गाड्या तिथेच घेतात. घेतलं. मालक सांगतो तिथेच घ्यायचं असतं, पैसे त्याच्याच कार्डावरून जातात.

तर लाइट लागली, टाकीत युरिया अर्ध्याच्या वर, तरी लाइट. थोडं पुढे गेलो तर इंजिनने दम सोडला. ह्या गाड्यांना कॉम्प्युटर असतो, त्याला वाटलं की धूर साफ होत नाहीये की तो ताकद कापतो, म्हणजे तुम्ही ॲक्सिलेटर तळाला लावा, गाडी आपली बैलगाडीच्या चालीने. आणि हे कुठं झालं तर कांजीपाणीच्या घाटात. ज्यांनी तो घाट बघितलाय त्यांना माहीत आहे, खाणीतल्या मालाच्या गाड्यांची लाइन लागलेली असते, पावसात लाल चिखल, मागून हॉर्न, आणि मी दुसऱ्या गियरवर. नशीब माल हलका होता. कांदा असता तर तिथेच उभं राहून रात्र काढावी लागली असती.

कसाबसा रायपूरला पोचलो, बारदान खाली केलं. दुसऱ्या दिवशी सिलतऱ्याहून, म्हणजे रायपूरजवळच्या कारखान्यांच्या भागातून, नाशिकला जायची सळई भरायची होती. सकाळी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन, "भाऊ, आज लोडिंग नहीं होगा, लेबर नहीं है, पोरा है आज." मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला, आपला पोळा! तिकडे पोरा म्हणतात. त्याच अमावस्येला. आणि लेबर सगळं खेड्यापाड्यातलं, ते गावाला गेलेलं. म्हणजे बैलांना सुट्टी म्हणून हमालांना सुट्टी आणि हमालांना सुट्टी म्हणून मला.

चौकाच्या कडेला बायका मातीचे छोटे बैल घेऊन बसलेल्या, चाकं लावलेले, नांदिया बैल म्हणतात त्याला, पोरं दोरी बांधून ओढतात. आपल्याकडे पण मातीचे बैल असतात पण ते पूजेला. हे खेळायला. पोराला एक घेतला, डॅशबोर्डवर ठेवला, बघू नाशिकपर्यंत शिंगं टिकतात का.

आता खरं म्हणजे मी झोपायला पाहिजे होतं. दोन-तीन रात्रीचं जागरण डोळ्यात होतं. पण गाडीचं काम काढायला असा दिवस परत मिळत नाही, भरलेली गाडी मेकॅनिककडे लावता येत नाही आणि लावली तर दर तासाला फोन येतो. म्हणून आधी युरियाचं.

लॅपटॉपवाला पोरगा आला. आता मिस्त्री पहिले पाना घेत नाही, पहिले लॅपटॉप लावतो, आणि लॅपटॉप लावायचेच हजार रुपये. त्याने केबल लावली, स्क्रीनवर कोड आले, तो हसला. "यूरिया किधर का डाला?" मी सांगितलं. "सब वहीं का डालके इधर आते हैं." नोझल काढलं तर त्याच्यावर पांढरी शुभ्र साखर जमलेली, खडीसाखर म्हणा. ती कोमट पाण्यात विरघळते, म्हणून बादलीत धाब्यावरचं गरम पाणी आणून नोझल त्यात ठेवलं, पाइप धुतले, टाकी पूर्ण रिकामी केली, फिल्टर बदलला, पंपावरून सीलबंद युरिया आणून भरला. सेन्सर बघितला, तो वाचलेला निघाला. सेन्सर गेला असता तर मालकाचा बीपी वाढला असता, ती वस्तू लय महाग.

मध्येच तो पोरगा हळूच म्हणतो, "भैया, चिप डाल दूं? यूरिया का झंझट ही खतम." म्हणजे एक छोटी डबी बसवतात ती कॉम्प्युटरला खोटं सांगते की युरिया चालू आहे, सगळं बरोबर आहे. बऱ्याच गाड्यांना आहे, रस्त्यावर पुढच्या गाडीचा वास आला की मला कळतं. मी नको म्हटलं. एक तर पकडलं की ड्रायव्हरच तोंडावर असतो, मालक आठशे किलोमीटर लांब. आणि दुसरं म्हणजे तो धूर सगळ्यात जास्त कोण खातं? टोलच्या रांगेत दोन गाड्यांच्या मध्ये आम्हीच उभे असतो ना.

दुसरं काम हवेचं. हे काही दिवस चाललेलं, रात्री गाडी बंद केली की सकाळी हवेचा काटा खाली आलेला. एअर ब्रेकच्या गाडीत हवा नसली की मागची स्प्रिंग स्वतःहून ब्रेक आवळून धरते, गाडी हलतच नाही, ते सेफ्टीसाठी चांगलंच आहे. पण त्यामुळे सकाळी उठून आधी इंजिन चालू करून हवा बनायची वाट बघत बसायचं, काटा आठ बारच्या आसपास गेला की मग निघायचं. धाब्यावर बाकीचे शिव्या घालतात, पहाटे चारला तुमचं इंजिन घुरघुर करतंय आणि शेजारच्या गाडीत कोणीतरी आत्ताच पाठ टेकलेली.

यासाठी मिस्त्री लागला नाही. निरम्याचं पाणी केलं मगात, इंजिन चालू करून हवा फुल केली, बंद केली, आणि गाडीखाली घुसून एकेक जोड भिजवत गेलो. कानाने पण कळतं पण टाटीबंधला कानाने काय ऐकणार, बाजूला वेल्डिंग, पलीकडे घण. मागच्या डाव्या चाकाकडे जाणारा नायलॉनचा पाइप क्लॅम्पजवळ चॅसीला घासून घासून पातळ झालेला, तिथे बुडबुडे. तेवढा तुकडा कापून मध्ये कनेक्टर टाकला. सत्तर-ऐंशी रुपयाचं काम. हवेच्या टाक्यांचे कॉक पण ओढले, पावसाळ्यात आत पाणी साचतं, ढवळं तेलकट पाणी निघालं बऱ्यापैकी.

मग टायर. माझी गाडी बारा चाकी, पुढे चार मागे आठ, आणि मागच्या आठातले आतले चार दिसतच नाहीत. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून आवाज ऐकायचा, टण्ण आलं तर हवा आहे, ढप्प आलं तर गेला. उजव्या बाजूचा आतला रिमोल्ड आहे, म्हणजे जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेला, त्याचं रबर एका कडेने सुटायला लागलंय. फोटो काढून मालकाला पाठवला. "चालेल अजून एक ट्रिप." हे फोटो बघून सांगायचं त्यांना कसं जमतं मला कळत नाही. समृद्धीने जायचं असेल तर मी असल्या टायरवर जायला तयार नसतो, तिथे ट्रकला ऐंशीची लिमिट आहे खरी पण सातशे एक किलोमीटर सलग काँक्रीट, उन्हात तापलेलं, आणि टायर एकसारखा त्याच स्पीडने फिरत राहतो, थंड व्हायला वावच मिळत नाही. सुटलेल्या रबराचे पट्टे तिथे कडेला पडलेले असतात ते उगाच नाही. शेवटी आतला टायर बाहेर घेतला आणि बाहेरचा आत, म्हणजे निदान डोळ्यासमोर राहील. स्टेपनी तर त्याच्याहून टकली आहे.

हे सगळं होईपर्यंत तीन वाजले. आणि "सुट्टी" म्हणजे काय केलं तर पंपावर अंघोळ केली, कपडे धुवून बॉडीच्या साखळीवर वाळत टाकले, दाढी केली, घरी व्हिडिओ कॉल केला. भावाकडे अजून एक जोडी आहे. आता गावात सगळ्यांकडे ट्रॅक्टर, मिरवणुकीला पाच-सहा जोड्या जेमतेम जमतात. पोराने फोन बैलांच्या तोंडासमोर धरला. शिंगांना हिंगूळ लावलेला, अंगावर झूल, गोंडे, आई पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन उभी. आदल्या दिवशी संध्याकाळी खांद्याला तूप-हळद चोळून त्यांना सांगतात ना, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आई म्हणाली, तू जेवला का? म्हटलं जेवतो. त्या दिवशी बैलाला कोणी कासरा ओढून रागवत पण नाही. माझ्या फोनवर तेवढ्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा कॉल वेटिंगला होता, उद्या सकाळी सहाला गेटवर गाडी लावा म्हणून.

झोपायला गेलो तर केबिनचा पंखा जळालेला. तो बंद पडून बरेच दिवस झाले, पण रात्री चालत्या गाडीत जाणवत नाही. दिवसा, भादव्याच्या तोंडावरच्या उकाड्यात, पत्र्याच्या केबिनमध्ये झोपून दाखवा कोणीतरी. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी केलंय सरकारने, चांगलंच केलं, पण माझी गाडी त्याच्या आधीची. काही जण गाडीखाली सावलीत अंथरतात. मी झोपत नाही, काही झालं तरी नाही. ड्रायव्हर बदलला, खाली कोण आहे न बघता गाडी काढली, असं झालेलं ऐकलंय. पेट्रोल पंपांवर ते 'अपना घर' म्हणून ट्रकवाल्यांसाठी डॉर्मिटरी सुरू केल्यात, एकदा झोपलोय, स्वच्छ होतं, बाथरूमला दार होतं. पण ते जिथे असतं तिथे आपली गाडी बंद पडेल असं थोडीच आहे. मग धाब्याच्या मागे खाट टाकली, मच्छर अगरबत्ती लावली आणि जी झोप लागली ती मिस्त्रीच्या पोराने उठवेपर्यंत. "भैया, ट्रायल मार लो." ट्रायल मारली, रिंग रोडला, पिकअप एकदम मस्त, लाइट गेलेली.

मागे आमच्याकडे ड्रायव्हर लोकांचा डोळे तपासणीचा कॅम्प होता, तिथे एक वकील बाई आलेल्या. त्यांनी सांगितलं की 1961 सालीच मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांचा कायदा झाला होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, सगळं लिहिलेलं. मंडपात असा हशा पिकला! बिचाऱ्या गोंधळल्या, त्यांना वाटलं काही चुकलं. मग त्यांनीच सांगितलं की तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला होता (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय). आमच्या मालकाच्या गाड्या तीन, ड्रायव्हर तीन. आणि रस्त्यावर ज्या गाड्या दिसतात त्यातल्या कितीतरी अशाच, एक गाडीवाला, दोन गाडीवाला. पगार पण आमचा ट्रिपवर असतो, महिन्यावर नाही. म्हणजे टाटीबंधला जो दिवस गेला त्याचा पगार शून्य. पार्टीकडे माल वेळेत खाली झाला नाही तर गाडीमालकाला होल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, मिळतात, मिळाले तर. ड्रायव्हरला होल्टिंग कोण देणार?

मालकाला पण पूर्ण शिव्या घालत नाही मी. त्याचा हप्ता आहे, इन्शुरन्स आहे, टोल आहे, आणि कांद्याची निर्यात कधी बंद कधी चालू याच्यावर भाडं वरखाली होतं. त्याने आधी स्वतः गाडी चालवलीय, त्याला सगळं माहीत आहे. पण युरियाचं बिल पाठवलं तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "एवढं कसं काय झालं?" मी नोझलचा फोटो पाठवला. मग म्हणाला, बरं, पुढच्या वेळी पंपावर घे.

दुसऱ्या दिवशी सिलतऱ्याला गेटवर सहाला लावली, भरून निघायला संध्याकाळ झाली कारण अर्धं लेबर अजून गावावरून आलेलंच नव्हतं. कांद्याला ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही, सळईला लागतं, आणि दोनशे किलोमीटरला एक दिवस असा हिशोब असतो त्याचा. बिल निघालं की घड्याळ सुरू. वाटेत बिघाड झाला तर मुदत वाढवून घेता येते, पण त्यासाठी ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागे लागावं लागतं आणि तो फोन उचलत नाही.

आत्ता हे देवरीच्या पुढे एका धाब्यावर टाइप करतोय. युरियाची लाइट लागलेली नाही, हवेचा काटा रात्रभरात अर्धा पण खाली आला नाही. बैलाचं एक शिंग राजनांदगावच्या स्पीड ब्रेकरला गेलं. नागपूरला वाडीत ओळखीचा टायरवाला आहे, त्याला सांगून ठेवलंय की एक सेकंडहँड टायर बघून ठेव, मालकाशी मी तिथे उभं राहून बोलतो. बघू काय म्हणतो.